लिनक्स मिंटवर अक्षरं दुबार, कर्सरच्या उड्या, आणि झाकण उघडल्यावर कीबोर्ड-टचपॅड दोन्ही गप्प

हळदगल्ली · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद), उचल, हमाली-तोलाई, जीएसटी, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि या मशीनवर ११ बसत नाही, म्हणून मी लिनक्स मिंट २२ टाकलं. वेग सुधारला, वडीलही आठवड्यात रुळले. पण आता तीन त्रास आहेत.

एक, ई आणि आर ही बटणं कधी कधी दोनदा उमटतात. आकड्यांमध्ये ३ सुद्धा. परवा एका पट्टीत ३ चे ३३ झाले, क्विंटलच्या रकान्यात. शेतकरी समोर बसलेला, त्याच्याच लक्षात आलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दोन, टचपॅडवर बोट ठेवलं की कर्सर उड्या मारतो. कधी तास-तास नीट चालतो, मग अचानक सुरू.

तीन, झाकण लावून जेवायला गेलो आणि परत येऊन उघडलं, की स्क्रीन येते पण कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही मेलेले. यूएसबी माउस लावला तर तो चालतो. मग बटण दाबून बंद करावा लागतो.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "लिनक्स टाकलं म्हणून बोर्ड गेला, कीबोर्डसकट बदलावं लागेल." खर्च ऐकून परत आलो. सौदे सुरू आहेत, मशीन चार दिवस कुठं ठेवणं परवडत नाही. नेमकं काय बघू?

---

घाटमाथा · सोमवार, रात्री १०.०५

जुन्या लॅपटॉपवर मिंटचं असं होतं. दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार टाकून बघा, फेडोरा वगैरे. नाहीतर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आय८०४२ चे, म्हणजे कीबोर्ड कंट्रोलरचे, सगळे पॅरामीटर एकदम टाका: नोमक्स, रीसेट, नोपीएनपी, डंबकेबीडी. एकातरी गोष्टीचा गुण येतोच.

---

विश्रामबागकर · सोमवार, रात्री १०.५०

घाटमाथा, सगळे पॅरामीटर एकदम नका टाकायला सांगू. गुण आला तरी कशानं आला ते कळणार नाही, आणि डंबकेबीडीनं कॅप्स लॉकचा दिवाही जाईल. सौद्याच्या दिवसांत नवीन डिस्ट्रो टाकून बसायलाही त्यांना वेळ नाही.

हळदगल्ली, मी इंजिनिअरिंगच्या मुलांचं लॅब बघते, असले लॅपटॉप आठवड्याला दोन-तीन येतात. तुमचे त्रास तीन आहेत आणि त्यांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. तिथंच माणूस फसतो आणि बोर्ड बदलायला निघतो. मला तर तुमची तिन्ही दुखणी वेगवेगळी वाटतात.

आधी कीबोर्ड. बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर येईपर्यंत वाट अशी असते: प्लास्टिकचं बटण, त्याखाली रबराची टोपी, त्याखाली मेम्ब्रेनचे पापुद्रे, मग लॅपटॉपमधला कीबोर्ड कंट्रोलर, मग लिनक्सचं कर्नल (गाभा), मग लिबइनपुट (कीबोर्ड-टचपॅडचे संदेश हाताळणारा भाग), मग सिनॅमन डेस्कटॉप. अक्षर यातल्या कुठल्या टप्प्यावर बिघडतंय एवढं आधी शोधायचं. त्याआधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, आणि टर्मिनलही उघडायचं नाही.

सोपी कसोटी. मशीन रीस्टार्ट करा, कंपनीचा लोगो दिसताच एस्केप टिचकावत राहा. मशीन जुन्या पद्धतीच्या बायोसवर (मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा काळा मेनू येईल. तिथं सी दाबा, कमांड लिहायची ओळ येईल. त्या ओळीत ई, आर, ३ पन्नास-पन्नास वेळा दाबा. या वेळी लिनक्स अजून सुरूच झालेलं नसतं, ग्रब बायोसकडून अक्षरं घेतं. तिथंही दुबार उमटलं तर मिंट निर्दोष आहे आणि दोष हार्डवेअरचा आहे. तिथं नीट आणि मिंटमध्ये दुबार, तर मग सेटिंग बघू.

टचपॅडसाठी फक्त एवढं लिहून ठेवा: उड्या मारतो तेव्हा चार्जर लावलेला असतो का? आणि घरी मारतो का दुकानात?

---

हळदगल्ली · मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, मनापासून आभार. रात्रीच करून बघितलं. ग्रबमध्ये ई पन्नास वेळा दाबलं, ५७ उमटले. आर पण तसंच. म्हणजे मिंटचा दोष नाही, हे वडिलांनाही दाखवलं.

टचपॅडचं तुम्ही विचारलंत आणि लगेच डोक्यात प्रकाश पडला. घरी गावभागात कधीच उडी मारत नाही. दुकानात, आणि तेही चार्जर लावलेला असतानाच. बॅटरीवर दुकानातही नीट चालतो. हे मला महिनाभर कसं दिसलं नाही?

---

मिरज_वायरमन · मंगळवार, सकाळी ८.१५

दुकानात चार्जर कशात लावताय? भिंतीच्या बोर्डात का एक्स्टेंशनमध्ये? आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूला, स्क्रूपाशी मनगट टेकलं तर झिणझिण्या येतात का? हलक्या, मुंगी चालल्यासारख्या?

---

हळदगल्ली · मंगळवार, सकाळी ८.४०

एक्स्टेंशन बोर्ड आहे काका, काट्यापासून टेबलापर्यंत ओढलेला. आणि हो, झिणझिण्या येतात! आम्हाला वाटायचं लॅपटॉप जुना झाला म्हणून.

---

मिरज_वायरमन · मंगळवार, सकाळी ९.२०

मग तुमचं दुखणं सापडलं बगा. अर्थिंग नाही.

लॅपटॉपच्या अडॉप्टरमधी आत बारके कपॅसिटर असतात, लाइनीतला कचरा अर्थकडं काढून द्यायला. तिसरी पिन अर्थला जोडलेली असली की तो कचरा जमिनीत जातो. जोडलेली नसली की लॅपटॉपचं अंगच अधांतरी तरंगतं. मीटर लावला तर अर्थाला आन अंगाला शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवतो. करंट लई बारका असतो, माणूस मरत न्हाई, पण मुंग्या येतात. आन टचपॅड तर बोटाच्या बारक्याशा विजेवरच चालतो, त्याला तेवढा गोंधळ पुरतो. त्याला कळंनाच बोट कुठं हाय.

यार्डातली निम्मी एक्स्टेंशनं मी उघडून बघितलीत. वर तीन भोकं, आत वायर दोनच! हिरवी, अर्थाची वायर घातलेलीच नसते. तुमचं उघडून बघा, पण आधी प्लग भिंतीतनं उपसून, आन हात कोरडे करून.

ते बदलून तीन कोर केबलीचं, म्हंजे आत तीन वायरी असलेलं घ्या. तरी मुंग्या राहिल्या तर दुकानाचा अर्थिंगचा खड्डाच वाळला असंल. मीठ-कोळसा घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, मग पाइप असून नसल्यासारखा. बादली-दोन बादल्या पाणी ओतायचं. मोजायचं काम मात्र स्वतः करू नका, माहीतगार वायरमन बोलवा. यार्डात मोटारी, पॉलिशची यंत्रं हायत, तिथं अर्थिंग नसणं हे नुसतं टचपॅडचं काम न्हाई, हमालाच्या जिवाचं हाय. हे मी पोटतिडकीनं सांगतोय.

---

विश्रामबागकर · मंगळवार, दुपारी १.१०

काकांनी बरोबर पकडलंय. डोळ्यांनी खात्री करायची असेल तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका आणि सुडो लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स ही कमांड चालवा. (इथं देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाका.) टचपॅडवर एक बोट ठेवून अजिबात हलवू नका. नीट मशीनवर पडदा जवळजवळ गप्प राहतो. तुमच्या दुकानात चार्जर लावून बघाल तर पॉइंटर मोशनच्या ओळी धो-धो पडतील. प्लग काढलात की थांबतील. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, पुढं कुणी "लिनक्समुळं" म्हणालं तर दाखवायला उपयोगी पडेल.

आता कीबोर्ड. ग्रबमध्ये दुबार येतंय म्हणजे बटणाखाली काहीतरी आहे. हळदीच्या दुकानातला लॅपटॉप, मला तर अंदाज बांधायची गरजही वाटत नाही. पण उघडण्याआधी ईव्हीटेस्ट (बटणाकडून कर्नलला काय पोचतंय ते दाखवणारी कमांड) चालवून दुखणं ओळखून घ्या. ॲप्टनं पॅकेज टाका, सुडो ईव्हीटेस्ट म्हणा, यादीतून "एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड" या नावाचा नंबर द्या. (नावातलं एटी म्हणजे आयबीएमचा १९८४ चा पीसी/एटी. आजच्या पुष्कळ लॅपटॉपचा आतला कीबोर्ड अजून त्याच भाषेत बोलतो, आणि आय८०४२ हे नावही त्या काळातल्या इंटेलच्या कंट्रोलर चिपचं.) एकदाच ई दाबा. कोड १८, व्हॅल्यू १ म्हणजे दाबलं, ० म्हणजे सोडलं, २ म्हणजे दाबून धरलंय म्हणून आपोआप पुनरावृत्ती. तुम्ही एकदाच दाबलंत आणि १, ०, १, ० असं आलं तर बटणाचा संपर्क थरथरतोय. १ नंतर २, २, २ येत राहिलं तर सोडल्याची खबरच पोचत नाहीये, ते दुखणं निराळं आणि त्याचा उपाय निराळा.

---

हळदगल्ली · मंगळवार, रात्री ९.५५

१, ०, १, ० हेच आलं. तीनही बटणांना. बाकी बटणांना नाही.

एक्स्टेंशन उघडलं. काका, आत दोनच वायरी. तिसऱ्या भोकाची पितळी पट्टी नुसतीच लोंबत होती, तिला काहीही जोडलेलं नव्हतं. वडिलांनी ते तिथल्या तिथं तोडून टाकलं. उद्या तीन कोरचं आणतो.

---

अजिंक्यतारा_पायथा · मंगळवार, रात्री १०.३०

धाग्यात मध्येच घुसतोय, माफ करा. साताऱ्यातून. माझा लॅपटॉप पडदा मागं पूर्ण वळणारा आहे. उबुंटू आहे. पडदा थोडा जास्त मागं झुकवला की कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही बंद, सरळ केला की कधी चालू होतात, कधी नाही. यूएसबी कीबोर्ड चालतो. हेही अर्थिंगच का?

---

विश्रामबागकर · मंगळवार, रात्री १०.४५

नाही दादा. तुमचा लॅपटॉप स्वतःला टॅब्लेट समजतोय. पडदा मागं वळला की टॅब्लेट मोडचा स्विच लागतो आणि लिबइनपुट मुद्दाम आतला कीबोर्ड-टचपॅड बंद करतं, मांडीखाली बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. तीच डिबग-इव्हेंट्सची कमांड चालवून पडदा हलवा. स्विच टॉगल अशी ओळ येईल, टॅब्लेट मोड १ किंवा ०. सरळ केल्यावरही १ वरच अडकला तर सेन्सर किंवा बायोस चुकीचं सांगतोय. आधी बायोस अपडेट आणि नवं कर्नल. मधल्या काळात लिबइनपुटला त्या स्विचकडं दुर्लक्ष करायला सांगता येतं, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं सविस्तर लिहीन.

---

वाईचा_वाडा · बुधवार, सकाळी ६.५०

मीही विचारून घेतो. माझा टचपॅड खाली दाबला जातच नाही, क्लिक होत नाही. नुसतं टॅप केलं तर चालतं. एका बाजूनं टचपॅड थोडा वर आल्यासारखा दिसतो. झाकण पण नीट बसत नाही. डेबियन १२ आहे. कुठलं ड्रायव्हर टाकू?

---

विश्रामबागकर · बुधवार, सकाळी ७.०५

वाईकर, कुठलंही ड्रायव्हर टाकू नका. लॅपटॉप आत्ता बंद करा आणि चार्जर काढा.

टचपॅडच्या खाली बॅटरी असते आणि तुमची बॅटरी फुगलीय. तीच टचपॅड वर ढकलतेय. तो खाली दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, वर जड वस्तू ठेवू नका, सुई-टाचणीनं हवा काढायचा विचार तर चुकूनही नको, लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं की पेट घेते. चार्ज करू नका. गादीवर, कागदांवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. उघडणाऱ्याला फोनवर आधीच सांगा की बॅटरी फुगलीय, आणि जुनी बॅटरी घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या.

काम झालं की इथं दोन ओळी लिहा, तोपर्यंत मला चैन पडणार नाही.

---

हरिपूर_रोड · बुधवार, दुपारी १२.२०

हळदगल्ली, कीबोर्ड साफ करण्याचं मी सांगतो, आमचंही हळदीचंच काम. हळदीची भुकटी मैद्यासारखी बारीक असते आणि हवेतली ओल धरते. कोरडी असते तोवर फुंकरीनं उडते, एकदा ओल धरली की चिकटून बसते. पावसाळ्यात माझंही हेच झालं होतं.

लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढून, शक्य असेल तर आतल्या बॅटरीची वायर सोडवून. उलटा धरून मऊ ब्रशनं सगळ्या फटी झाडा. नुसत्या तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीची ओल आत जाते. मग ज्या बटणांचा त्रास आहे तेवढीच काढा. प्लास्टिकची चपटी पट्टी वरच्या कडेखाली घालून हळूच उचलायचं, बटणाखाली कात्रीसारखा पांढरा दुहेरी सांधा असतो, त्याचे कान मोडले तर बटण परत बसत नाही. कुठल्या बाजूनं उचलायचं हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, आधी त्याच मॉडेलचा व्हिडिओ बघा. स्पेसबार आणि एंटर शेवटी, त्यांना तारेची दांडी असते.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, कापसाच्या काडीवर ओलसर करून. ओतायचं नाही. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकटपणा वाढवतं. रॉकेल, पेट्रोल तर अजिबात नको. अर्धा तास वाळू द्या, मग चालू करा.

---

विश्रामबागकर · बुधवार, दुपारी १.३०

उत्तम सांगितलंत. एक भर घालते, कारण याच ठिकाणी लोक चुकतात. कीबोर्डची बटणं आत आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर बसलेली असतात. शेजारशेजारची दोन-तीन बटणं बिघडली तर बहुधा वरून काहीतरी पडलंय, साफ करून जमतं. तुमचं ३, ई, आर तसंच आहे, एकाला एक लागून. पण एकमेकांपासून लांब असलेली चार-पाच बटणं एकाच दिवशी पूर्ण मेली तर जाळीतली एक रेघ तुटलीय किंवा बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी सैल झालीय. पट्टी असेल तर परत बसवून भागतं, रेघ तुटली तर घासून काही होत नाही, कीबोर्डच बदलावा लागतो. अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या पत्र्याला प्लास्टिकच्या गुंड्या वितळवून चिकटवलेला असतो. म्हणून भाव सांगताना "नुसता कीबोर्ड का वरच्या कव्हरसकट" हे विचारून घ्या.

साफ करून होईपर्यंत तात्पुरतं: मिंटच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत बाउन्स कीज लावा. ठरावीक वेळेच्या आत आलेला तोच ठोका तो गाळून टाकतो. वेळ फार वाढवू नका, नाहीतर ३३ हा खरा आकडाही टाइप होणार नाही. पट्ट्या लिहिताना हे लक्षात ठेवा.

---

हळदगल्ली · बुधवार, रात्री ११.१५

आधी टचपॅड. तीन कोरचं नवीन एक्स्टेंशन लावलं. मुंग्या बंद. टचपॅडवर बोट ठेवून दहा मिनिटं बघत बसलो, कर्सर जागचा हलला नाही. यार्डातले शेजारचे दोन दुकानदारही आपापली एक्स्टेंशनं उघडून बसलेत. काका, एकाच्यात तर हिरव्या वायरीच्या जागी नुसता दोरा निघाला.

कीबोर्ड. दुकान बंद झाल्यावर घरी टेबलावर पांढरा रुमाल पसरून बसलो. ईचं बटण उचललं आणि बघतच राहिलो. रबराच्या टोपीभोवती पिवळ्या गाळाचं गोल कडं जमलेलं, ओल्या बेसनासारखं, त्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक हळकुंडाचा तुकडा. आरखालीही तसंच. ३ खाली एक पोत्याचा सुताचा धागा. काडी फिरवली की कापूस केशरी होतोय, अठरा काड्या गेल्या. स्पेसबार धाडस करून काढला, त्याखालचं बघून आईनं कपाळाला हात लावला.

वाळवून ग्रबमध्ये तपासलं. ई पन्नास, पन्नास. आर पन्नास, पन्नास. ३ बावन्न. उद्या ३ परत काढतो.

राहिलं झाकणाचं.

---

विश्रामबागकर · गुरुवार, सकाळी ७.२०

अठरा काड्या! शाबास. ३ खाली कडेला अजून कण असणार.

आता झाकण. हे दुखणं मात्र खरंच लिनक्स आणि बायोस यांच्यामधलं आहे, कारण सुरुवातीला सगळं चालतं आणि झोपेतून उठल्यावरच बंद पडतं. झाकण लावून उघडा, यूएसबी कीबोर्ड लावा, आणि या दोन गोष्टी इथं द्या.

पहिली, कर्नलची नोंद: सुडो डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी. त्यात आय८०४२, एटीकेबीडी, पीएसमाउस किंवा आय२सी-एचआयडी हे शब्द असलेल्या शेवटच्या ओळी. त्यावरून टचपॅड जुन्या पीएस/२ तारेवर आहे का नव्या आय२सीवर, तेही कळेल.

दुसरी, सिस फोल्डरमधल्या पॉवरमध्ये मेम_स्लीप नावाची फाइल आहे, ती कॅट करून काय लिहिलंय ते सांगा. कंस कुठल्या शब्दाभोवती आहे ते महत्त्वाचं.

---

हळदगल्ली · गुरुवार, दुपारी २.४०

जेवणाच्या सुट्टीत केलं. एटीकेबीडीची तक्रार आहे, आणि पीएसमाउसच्या दोन ओळी, त्यात लॉस्ट सिंक असं. आय२सीचं काहीच नाही. दुसऱ्या फाइलमध्ये एस२आयडल आणि डीप असे दोन शब्द, कंस एस२आयडलभोवती.

---

विश्रामबागकर · गुरुवार, दुपारी ३.१५

हेच हवं होतं. कीबोर्ड आणि टचपॅड दोघंही एकाच आय८०४२ कंट्रोलरवर आहेत, म्हणून दोघं एकदम जातात. यूएसबी वेगळ्या वाटेनं येतं, म्हणून माउस जगतो.

झोप दोन प्रकारची. एस२आयडल म्हणजे डोळे मिटून पडणं, मशीन आतून अर्धवट जागंच असतं. डीप म्हणजे गाढ झोप, रॅमखेरीज जवळजवळ सगळ्याची वीज जाते, आणि उठताना बायोस सगळी जुळणी परत करतं, कर्नलही कंट्रोलरला रीसेट देतं. तुमच्या मशीनवर दोन्ही उपलब्ध आहेत, निवडलीय मात्र हलकी. त्या हलक्या झोपेतून उठताना कंट्रोलर गोंधळतोय असा माझा तर्क.

आधी तात्पुरतं करा: एको डीप, मग उभी रेघ, मग सुडो टी (टी-ई-ई) आणि त्या मेम_स्लीप फाइलचा पूर्ण पत्ता. रीस्टार्ट केलं की हे आपोआप पुसलं जातं, म्हणून धोका नाही. आता दहा वेळा झाकण लावा-उघडा. एकदा-दोनदा नव्हे, दहा वेळा, आणि त्यातलं एकदा तरी तासभर झोपवून.

---

घाटमाथा · गुरुवार, दुपारी ४.००

ताई, माझ्या मशीनवर त्या फाइलमध्ये एकटं एस२आयडलच आहे, डीप नाहीच. आणि टचपॅड आय२सीवर. उठल्यावर फक्त टचपॅड जातो. तेव्हा? आणि सोमवारी मी घाईनं सगळे पॅरामीटर सांगितले, ते चुकलंच.

---

विश्रामबागकर · गुरुवार, दुपारी ४.३०

तुम्ही विचारलंत हे बरं झालं. तुमच्या बाबतीत सुडो मॉडप्रोब वजा-आर आय२सी_एचआयडी_एसीपीआय, आणि लगेच तेच वजा-आर न लावता, म्हणजे टचपॅडचं ड्रायव्हर काढून परत घालायचं. टचपॅड जिवंत झाला तर हीच जोडी सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा भाग) सिस्टीम-स्लीप फोल्डरमध्ये बारक्या स्क्रिप्टमध्ये घाला. सिस्टमडी झोपण्याआधी तिला प्री म्हणून आणि उठल्यावर पोस्ट म्हणून हाक मारतं, तुम्ही पोस्टला हे चालवायचं. काही मशीनच्या बायोसमध्ये, उदाहरणार्थ एसरच्या, टचपॅडला बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असा पर्याय असतो. बेसिक म्हणजे पीएस/२, ॲडव्हान्स्ड म्हणजे आय२सी. बेसिक करून चालवता येतो, पण अनेक बोटांच्या खुणा कमी होतात.

---

कृष्णाकाठ_कराड · गुरुवार, रात्री ८.१०

एक छोटं. माझा कीबोर्ड लॉगिनला "खराब" झाला होता, पासवर्ड चुकीचा येत होता. शेवटी कळलं की मराठी कगप लेआउट पहिल्या क्रमांकावर गेला होता, त्यामुळं पासवर्डच्या चौकटीत ठिपक्यांमागं देवनागरी पडत होती. इंग्रजी लेआउट यादीत वर सरकवला आणि सुटलो. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती आधी बघा.

---

वाईचा_वाडा · शुक्रवार, दुपारी १२.४५

ताई, तुमच्यामुळं वाचलो. उघडला तेव्हा बॅटरीचे दोन सेल उशीसारखे झाले होते. टचपॅडच्या खालच्या पत्र्यावर त्यांचा वळ उमटलाय. नवीन बॅटरी मागवली, टचपॅड जागेवर बसला, क्लिक होतंय. ड्रायव्हर काहीच टाकलं नाही.

---

हळदगल्ली · शनिवार, रात्री १०.२०

ताई, डीप लावून दहा वेळा केलं. दहाही वेळा दोन्ही चालू. काल रात्रभर झोपवला, सकाळी उघडला, पासवर्ड टाइप करून आत गेलो.

कायमचं असं केलं: इटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, त्यात क्वाएट स्प्लॅश लिहिलेली जी ओळ आहे तिच्यात अवतरण चिन्हाच्या आतच, एक जागा सोडून, मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप. फाइलची आधी एक नक्कल करून ठेवली. मग सुडो अपडेट-ग्रब, आणि रीस्टार्ट. आता मेम_स्लीपमध्ये कंस डीपभोवती आलाय. आय८०४२ चा एकही पॅरामीटर लागला नाही.

३ चं बटणही परत काढून साफ केलं. टोपीच्या आतल्या कडेला कण होता, ताई म्हणाल्या तसाच. ग्रबमध्ये तीनदा मोजलं, पन्नासला पन्नास. बाउन्स कीज काढून टाकल्या.

दुकानात आता लॅपटॉपवर जुन्या मलमलीच्या धोतराचा फडका असतो. पोती उतरत असताना वडील स्वतः झाकण लावतात आणि तो पसरतात. वायरमन काकांचा निरोप पोचवला, सोमवारी आमच्या ओळीतल्या सहा दुकानांचं अर्थिंग मोजायला माणूस येतोय. खड्डा कुठं आहे तेच कुणाला आठवत नव्हतं, शेवटी एका जुन्या हमालानं पाण्याच्या टाकीमागचा लोखंडी झाकणाचा चौकोन दाखवला. आज संध्याकाळी त्यात चार बादल्या पाणी ओतलं.

---

मिरज_वायरमन · रविवार, सकाळी ८.००

सोमवारी मीच येतोय. झाकण उघडून ठेवा.